जुनी .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेताना काय पाहावे?

प्रश्न
लक्ष्यावरील सराव आणि कायद्याची मुभा असेल तेथे सशासारखी लहान शिकार, या दोन्हींसाठी एकच वापरलेली .२२ लाँग रायफल काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक (गोळी झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल घेण्याचा विचार आहे. परवाना हाती आहे. दोन पाहिल्या. रुगर १०/२२ चे दहा काडतुसांचे मॅगझिन काढता येते आणि तिच्या दस्त्यावर बरेच ओरखडे आहेत. मार्लिन मॉडेल ६० मध्ये नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे भरावी लागतात, पण ती नव्यासारखी चकाकते. आजवर मी केवळ बोल्ट-अ‍ॅक्शन हाताळली आहे, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) हाताने मागे-पुढे करावा लागणारी. कोणती घ्यावी?

उत्तर १
दस्त्याकडे पाहून निर्णय घेऊ नका; रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट मागे ओढा आणि विजेरीच्या उजेडात चेंबरची (काडतूस बसते त्या पोकळीची) कड पाहा. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी खीळ) काडतुसाच्या रिमवर, म्हणजे मागच्या कडेवर आदळते, त्यामुळे रिकामा ट्रिगर वारंवार दाबला गेल्यास काही रायफलींत ती चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते आणि मग काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या अडकू लागतात. रुगर १०/२२ रिकामी चालवण्यास निर्माता हरकत घेत नाही. तरीही पाहून घ्यावे. त्यानंतर नळीचे तोंड तपासा. या दोन्ही रायफलींचा मागचा भाग बंद असल्याने सफाईची सळई बहुधा तोंडाकडूनच घातली जाते, आणि निष्काळजीपणे फिरवलेली पोलादी सळई तेथील, गोळीला फिरकी देणारे आटे झिजवते. नेम बिघडण्याचे हे कारण बाहेरच्या चकाकीत कधीच दिसत नाही. मार्लिनमध्ये बोल्टमागचा प्लॅस्टिकचा बफर (धक्का झेलणारा तुकडा) वयाने तडकतो, तेव्हा ती उघडून दाखवण्यास सांगा. शिवाय मॅगझिनच्या नळकांड्याला पोचा असल्यास काडतुसे नीट पुढे सरकत नाहीत.

मूळ रचनेतील १०/२२ चा बोल्ट शेवटच्या गोळीनंतर उघडा राहत नाही, म्हणून बंद बोल्ट पाहून रायफल भरलेली की रिकामी हे ठरवता येत नाही. बोल्ट-अ‍ॅक्शनची सवय असलेल्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

उत्तर २
वरील तपासणी योग्यच आहे, पण माझ्या मते खरी परीक्षा काडतुसांची आहे. या रायफली ब्लोबॅक पद्धतीच्या असतात, म्हणजे बोल्टला कुलूप नसते. त्याचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच काम चालते. फार मंद काडतूस बोल्टला पुरेसे मागे ढकलत नाही आणि पुंगळी वाटेतच अडकते. याउलट ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) वेगवान गोळी सेकंदाला १,२०० फुटांपेक्षा अधिक वेगाने निघून वाटेतच ध्वनिवेगाखाली, म्हणजे सुमारे १,१२५ फुटांखाली येते, आणि वाऱ्यानेही अधिक सरकते. सुमारे १,०७० फूट वेगाची साधी काडतुसे सरावात बरी ठरतात, पण ती हाताशी आलेली रायफल विनाअडथळा चालवते का, हे गोळ्या झाडूनच कळते. विक्रेत्याच्या परवानगीने दोन-तीन प्रकारची काडतुसे घेऊन ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट काढा, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा किती जवळ पडतात ते पाहा. गट तीन-चार सेंटीमीटरच्या आत येत नसेल, तर त्या रायफलीने त्या अंतरावर सशावर नेम धरू नये. जखमी प्राणी निसटणे कोणालाच शोभत नाही. मागे मातीचा बांध असल्याखेरीज गोळी झाडू नका, कारण ही छोटी गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

प्रश्नकर्ता
चाचणीस विक्रेता तयार आहे. पुढे नळी बदलावीशी वाटली तर?

उत्तर १
मग रुगर घ्या. तिची नळी दोन स्क्रूंनी आवळलेल्या ठोकळ्याने धरलेली असते आणि नीट काळजी घेतल्यास घरीही बदलता येते; मार्लिनची पिनने बसवलेली असल्याने कारागीर लागतो. दुर्बीण मात्र दोन्हींवर सहज बसते. चाचणीत दोघींचे गट सारखेच आले, तर ओरखड्यांची रुगर मी निःशंकपणे निवडेन. आणि व्यवहारापूर्वी रायफलीवरील क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा.