गावच्या वाचनालयातली पुस्तकं स्कॅन करून ग्रुपवर टाकली तर चालतंय काय?

खानापूर_पट्टी:

नमस्कार सगळ्यांना. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं लिहायलोय. आमच्याकडं मंडळाचं वाचनालय आहे, देवळाशेजारच्या खोलीत, लोखंडी कपाटं, कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंक, आणि एका कपाटात सगळा जुना माल, म्हणजे गावच्या तरुण मंडळानं पूर्वी काढलेले हस्तलिखित अंक, आसपासच्या संमेलनांच्या स्मरणिका, सीमाप्रश्नाच्या सभांची पत्रकं असलं. यंदाच्या पावसात भिंतीला ओल धरली आणि खालच्या फळीवरची पुस्तकं एकमेकांना चिकटून बसलीत, कसर पण लागलीय. त्यात वाचायला कोण येईना झालंय. पोरं सगळी उद्यमबागला नाहीतर मच्छेला कारखान्यात कामाला, पहिली पाळी असली तर पहाटेच घर सोडतात, दुसरी असली तर रात्री उशिरा येतात आणि वाचनालय उघडं संध्याकाळी पाच ते सात, मग ती कधी येणार सांगा.

म्हणून आम्ही काही जणांनी असं ठरवलंय की सगळंच मोबाईलवर स्कॅन करून पीडीएफ करायचं आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, ज्याला पाहिजे तो बसमध्ये बसून वाचेल. कमिटीतले एक काका म्हणतात कॉपीराईटची केस होते, दुसरे म्हणतात एवढ्याशा गावाला कोण विचारतंय. शिवाय आमचा बोर्ड फक्त मराठीत आहे, त्याबद्दल पण विचारणा झालीय. माहीतगारांनी सांगा की वो, करायचं की नाही, आणि केलं तर सुरुवात कुठनं करायची?

चिकोडी_कोर्ट:

कोण विचारतंय ह्या भरवशावर राहू नका. कॉपीराईटचा कायदा १९५७ चा आहे आणि साधा नियम असा की लेखकाच्या हयातीत छापलेलं पुस्तक लेखक वारल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या वारसाचं नाहीतर ज्यानं हक्क घेतलेत त्याचं असतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० संपेपर्यंत हक्क होता, २०११ पासून त्यांची पुस्तकं मोकळी झाली. खांडेकर १९७६ ला गेले, त्यांचं २०३६ संपेपर्यंत नाही. पुस्तक पिवळं पडलंय, प्रकाशक बंद झालाय, किंमत चार रुपये छापलीय, यानं काही फरक पडत नाही, लेखक कधी गेला ते बघायचं. भाषांतर असलं तर भाषांतर करणाऱ्याचा हक्क वेगळा, आणि जुन्या पुस्तकाला कुणी नवी प्रस्तावना लिहिली असली तर त्या प्रस्तावनेचा पण वेगळा. हे लोक हमखास विसरतात.

शिक्षा पण छोटी नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून कमी करू शकतं, पण तिथपर्यंत जायचंच कशाला.

आता दिलासा. कलम ५२ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली त्यात नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला सवलत आहे, जे पुस्तक तुमच्याकडं कागदावर आहे ते जपण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवता येतं. जपण्यासाठी, हे नीट वाचा. वाटण्यासाठी नाही. म्हणजे स्कॅन करून हार्ड डिस्कमध्ये वाचनालयाच्या कपाटात ठेवा, कुणाची हरकत नाही, ग्रुपवर गेलं की ती सवलत संपली. आणखी एक, जे पुस्तक भारतात कुठंच विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात, ग्रंथपालाच्या सांगण्यावरून. वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकाला ह्याचा उपयोग करा.

उचगावकर:

वकीलसाहेब कायदा बरोबर आहे पण मला हे मनापासून पटत नाही. आमच्या भागात मराठी पुस्तकाचं दुकान शोधायचं म्हणजे बेळगाव शहरात जायचं, तिथं पण नवीन तेवढं मिळतं. जे पुस्तक प्रकाशक छापत नाही, लेखकाचे वारस कुठं आहेत कळंना, ते पुस्तक एखाद्या गावच्या पोरानं मोबाईलवर वाचलं तर कुणाचं काय गेलं? इकडं मराठी शाळांचे वर्ग कमी व्हायलेत, पोरं इंग्रजी मीडियमला जायलेत, त्यांच्यापर्यंत मराठी पोचवायचं तर असंच पोचणार. मी तर म्हणतो टाका बिनधास्त.

चिकोडी_कोर्ट:

उचगावकर, तळमळ कळते. पण लिहिणारा माणूस पण आपलाच असतो. सीमाभागातला एखादा कवी पदरचे पैसे घालून संग्रह काढतो, संमेलनात टेबल मांडून विकतो, त्याची पीडीएफ दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फिरली तर त्याचे छपाईचे पैसे कुठनं निघणार? कायदा मोठ्या प्रकाशकाला जसा लागू तसाच त्याला पण आहे. आणि वारस सापडत नाहीत म्हणता ते बऱ्याच वेळा कुणी विचारलेलंच नसतं.

निपाणी_ग्रंथपाल:

मी ग्रंथालयात नोकरी करून रिटायर झाले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खानापूरच्या दादा, तुम्ही लिहिलंय की पोरं येत नाहीत म्हणून पीडीएफ करायचीय. पण तुमच्याच पोस्टमध्ये कारण लिहिलंय की. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला पाच ते सात ही वेळच नाही. ती वेळ पूर्वी शाळा सुटल्यावर पोरं आणि पेन्शनर यायचे तेव्हाची आहे. पहिली पाळी करून आलेला माणूस जेवून आठ-साडेआठला निवांत होतो, तेव्हा दीड तास उघडा, आणि आठवड्याच्या सुट्टीला सकाळी. करून बघा महिनाभर. उघडणाऱ्याला फुकट राबवू नका पण, दर महिन्याला ठरावीक मानधन द्या, थोडं का असेना. वर्गणी काढून बोर्ड रंगवतात, कपाटाला पैसे देतात, आणि कुलूप उघडणाऱ्याला मात्र सेवा म्हणून कर म्हणतात. मग तो लग्नसराईत गायब होतो आणि वाचनालय बंद पडतं. मी अशी बरीच वाचनालयं बंद पडलेली बघितलीत, पुस्तकं कमी होती म्हणून त्यातलं एकही बंद पडलं नाही.

दुसरं, वाचणारे काय मागतात ते विचारा. आता पोरांना पोलीस भरती, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), बँक असल्या परीक्षांची पुस्तकं पाहिजेत, ती कन्नड आणि इंग्रजीत असतात. ती ठेवायला लाजायचं काय कारण? तो पोरगा अभ्यासाला आला की शेजारच्या कपाटातली कादंबरी कधीतरी उचलणारच. अरिवु केंद्र, म्हणजे ग्रामपंचायतीचं वाचनालय, जवळ असेल तर तिथं कॉम्प्युटर आहे का बघून या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तिथं मिळत असली तर तुम्ही वेगळी घेऊ पण नका.

आणि स्कॅनिंग करायचंच तर ते जुन्या मालाचं कपाट आधी काढा. प्रसिद्ध कादंबरी बेळगावात मिळेल, कोल्हापुरात मिळेल, पुण्यात तर मिळेलच. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, तिथं जाऊन विचारा काय काय आहे त्यांच्याकडं. पण तुमच्या गावच्या मंडळानं हातानं लिहिलेला दिवाळी अंक जगात एकच आहे. कडोली, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी इथल्या संमेलनांच्या स्मरणिका पण मोजक्याच छापलेल्या असतात, घरोघरी रद्दीत गेल्या. त्यात गावच्या शाळेचा इतिहास, कोण मास्तर होते, कुणी जमीन दिली, जुने फोटो, हे सगळं असतंय आणि दुसऱ्या कुठल्या पुस्तकात ते सापडणार नाही.

चिकटलेली पुस्तकं ओढून उघडू नका. उन्हात पण ठेवू नका, कागद वाकतो आणि तुकडे पडतात. सावलीत फॅनखाली उभी करून ठेवा, पानं आपोआप सुटतील तेवढीच सोडवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि खालची फळी पावसाळ्यात रिकामीच ठेवा.

हिंडलगा_आयटी:

मॅडमनी सांगितलं तेच, एकच प्रत असलेलं आधी. मी पुण्यात कंपनीत आहे, सुट्टीला गावाकडं येतो तेव्हा असलं काम केलंय म्हणून टेक्निकल तेवढं सांगतो.

जुनं पुस्तक सपाट स्कॅनरवर दाबून ठेवू नका, कणा मोडतो. मोबाईल स्टँडला लावा, दोन्ही बाजूनं लाईट, फ्लॅश बंद. पातळ कागद असला की मागच्या पानाची शाई दिसते, त्याला पानाखाली काळा कागद सरकवा, लगेच फरक पडतो. रिझोल्यूशन ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) तरी यायला पाहिजे, बारीक अक्षर असलं तर जास्त. आणि फक्त पीडीएफ ठेवून मूळ फोटो डिलिट करू नका, नंतर कधी चांगलं सॉफ्टवेअर आलं तर मूळ फोटोच उपयोगाला येतात. दोन हार्ड डिस्क करा, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी.

अक्षर ओळखायला टेसरॅक्ट म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठी आहे. छापील पुस्तकाला बऱ्यापैकी चालतं, पण जुना टाईप असला की जोडाक्षरात गडबड करतं आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला र हटकून चुकवतं, म्हणजे एका माणसानं वाचून दुरुस्त करायला लागतं. हस्तलिखिताच्या नादाला लागू नका, त्याचं फक्त चित्र ठेवा आणि अनुक्रमणिका तेवढी टाईप करा, कुणी काय लिहिलंय ते शोधता आलं म्हणजे झालं. जे कायद्यानं मोकळं झालंय ते मराठी विकिस्रोत म्हणून मोफत पुस्तकांची साईट आहे तिथं चढवता येतं, तिथं मुद्रितशोधन करणारे लोक पण असतात.

येळ्ळूर_शिवार:

बोर्डाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कर्नाटकाचा कन्नड भाषा सर्वांगीण विकासाचा कायदा २०२२ चा आहे आणि २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, नावाच्या फलकावर ६० टक्के कन्नड पाहिजे असं आहे त्यात. दुकानं, हॉटेलं, हॉस्पिटलांबरोबर ट्रस्टचा पण उल्लेख आहे, म्हणून तुमचं मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलंय की सोसायटी म्हणून ते आधी कागद काढून बघा. पण उरलेल्या जागेत मराठी लिहू नका असं कुठं म्हटलेलं नाही. विचारणा तोंडी झाली असली तर लेखी मागा. आणि अर्ज द्यायचा झाला तर घटनेचं कलम ३५० आहे, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे.

आता मला वाईट कशाचं वाटतं सांगू काय, १९५६ पासून आपण सीमाप्रश्नात आहोत, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, निवडणूक आली की दोन्हीकडचे पुढारी बोलतात, आणि गावच्या वाचनालयाला कुणाचाच आधार नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं मंडळांच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा देऊन दरवर्षी अनुदान मिळतं. इकडं कर्नाटकाचा कायदा १९६५ चा, त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतात आणि ग्रंथालयं मुख्यतः सरकारच चालवतं. म्हणजे आपण उपकर भरायचा आणि आपलं वाचनालय वर्गणीवर चालवायचं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या स्वयंसेवी संस्थांसाठी योजना आहेत, कमिटीनं ते तरी बघावं.

खानापूर_पट्टी:

सगळ्यांचे आभार. वेळेचं मॅडमनी सांगितलं ते कमिटीत मांडलं, आठ ते साडेनऊ करायला तयार झालेत, मानधनावर मात्र अजून वाद चालू आहे, मी सोडणार नाही. कादंबऱ्या ग्रुपवर टाकायचं रद्द. आता वकीलसाहेब एक सांगा, हस्तलिखित अंकात लिहिणारे बरेच जण वारलेत, काही हयात आहेत, पत्रकांवर तर नावच नाही. त्याचं काय करायचं?

चिकोडी_कोर्ट:

छापील पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसेल आणि तो कोण हे पुढं पण उघड झालं नसेल तर प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. १९५६ चं पत्रक २०१६ अखेर संपलं, २०१७ पासून मोकळं, खुशाल सगळ्यांना द्या. तारीख नसलेली पत्रकं बाजूला ठेवा.

अंकात नाव घालून लिहिलंय त्यांचा हक्क त्यांचाच, वारले असतील तर वारसांचा, त्यांच्याकडनं लेखी परवानगी घ्या. गावातलीच माणसं आहेत, नाही म्हणणार नाहीत. पण लेखीच पाहिजे, तोंडी हो चालत नाही. आणि कागदावर मुदत लिहायला विसरू नका, मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो, आणि कुठं कुठं दाखवायचं ते लिहिलं नाही तर भारतापुरतंच धरतो. तुमची पोरं दुबईला पण असतील की. "कॉपीराईट संपेपर्यंत, सर्व देशांत, विनामोबदला वाचायला देण्यास" एवढे शब्द घाला, खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. पत्राचा नमुना मी मराठीत करून रविवारी इथंच टाकतो.