बैठकांच्या कॅसेट एआयला शिकवायला द्यायच्या का?

जवारी (मिरज):
आमच्या मंडळाच्या कपाटात जुन्या बैठकांच्या दोनेकशे कॅसेट आहेत. एआयनं रागसंगीत रचावं यावर पीएचडी करणारी एक मुलगी त्या मागतेय. माझं मत, देऊ नये. गुगलचं म्युझिकएलएम, म्हणजे संगीत बनवणारं एआय, २ लाख ८० हजार तासांच्या संगीतावर शिकलं म्हणे. त्यात आपले दोनशे तास म्हणजे कृष्णेच्या पुरात तांब्याभर पाणी! आणि बिनपरवाना गाणी वापरल्याच्या आरोपावरून जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआयनं गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावलेच ना? आमचे निम्मे गवई आता हयात नाहीत. परवानगी द्यायची कुणी?

हळदपेठ (सांगली):
काका, पुरात आपलं पाणी नाही म्हणूनच द्या की! परवा एका ॲपला मारवा मागितला, तर ते षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, ठाण मांडून बसलं. ज्या रागात ‘सा’ जपून लावायचा, त्या मारव्यात! १९५७ साली अमेरिकेत संगणकानं चार तंतुवाद्यांसाठी रचना केली, तेव्हापासून बहुतेक संशोधनात स्वर म्हणजे पेटीची पट्टी, दाबली की वाजली. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यात बसणार कशी? आता वारं फिरलंय. २०२४ मध्ये आलेलं ‘गमधनी’ नावाचं एआय मॉडेल आधी गळ्याची स्वररेषा काढतं, सलग, वळणांसकट, आणि मग तिच्यावरून आवाज तयार करतं. असल्या कामाला लाखो तास नकोत, चांगले तास हवेत. ते तुमच्या कपाटात आहेत.

जवारी:
स्वररेषा नीट यावी म्हणून आधी रेकॉर्डिंगमधून तबला-तंबोरा वेगळे काढतात, हे त्या मुलीनंच सांगितलं. म्हणजे मिरजेचाच तंबोरा पुसायला मिरजेनंच कॅसेट द्यायची! तंबोऱ्याची जवारी लावण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद खुलवण्यात, माझ्या आज्याचा जन्म गेला. गवई तंबोऱ्यात मिसळतो तेव्हा जे होतं, ते त्या रेषेत कुठाय?

कृष्णाकाठ (सांगली):
सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेऊन श्रुतींचे, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद मोजण्याचे, प्रयोग केले. १९१० ला पुस्तक काढलं. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज साहेबानं तर बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली. पेटी मागं पडली, पण मोजल्यानं गाणं आटलं का? खाँसाहेबांना मोजणीची भीती वाटली नाही, आपल्याला का वाटावी?

जवारी:
खाँसाहेब स्वतः समोर बसले होते, ताई. ‘हे चुकलं’ म्हणायला जिवंत माणूस होता.

हळदपेठ:
हे मात्र मान्य. आणि एक विसरलो. कायद्यानं सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं असतो. ऐंशीच्या दशकातली कॅसेट असेल तर वारसांना विचारावंच लागेल. पण विचारा तरी! तुम्ही परस्परच नाही म्हणताय.

जवारी:
रविवारी सभा आहे, वारसांचा विषय मांडतो. मत बदललेलं नाही. पण वीसेक कॅसेटना बुरशी धरलीय, त्या आधी कम्प्युटरवर उतरवून घ्यायला हव्यात. कुणाकडे चालू डेक आहे का?