जुना कमोड काढून द्यायचा कुठे? (इंदूर)

लोकमान्यनगरची सून:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाचा, १९८८ चा कमोड आहे आमचा, बुडाशी तडा गेलाय, सकाळी कोरडं पुसलं तरी दुपारपर्यंत कडेने ओल येतेच आणि सासूबाई ८१ वर्षांच्या, पाय घसरला म्हणजे? नवा बसवायचं ठरलंय. पण मिस्त्री म्हणतो जुना फोडून पोत्यात भरतो नि मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकतो. मला हे बिलकुल पटत नाहीये, तिथे पोरं अनवाणी क्रिकेट खेळतात. कचरागाडीवाले पण घेत नाहीत. काय करू?

सुदामानगरचे काका:
सूनबाई, प्लॉटवर नकोच, चिनी मातीची धार काचेसारखी असते. गाडीवाल्यांचंही बरोबर आहे, त्यांच्या वेगवेगळ्या कचऱ्याच्या सहा डब्यांत हे बसतच नाही, हा मलबा, म्हणजे बांधकामाचा राडारोडा झाला. महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर मलबा उचलण्याची रिक्वेस्ट टाका, पैसे किती ते आधी विचारून घ्या. सीट-झाकण प्लास्टिकचं, ते प्लास्टिकच्या डब्यात, आणि पितळी कॉक, नळी कबाडीवाला आनंदाने नेईल. पोत्यात नुसता मलबाच ठेवा.
आणि नवा घ्यायच्या आधी भिंतीच्या टाइल्सपासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. हे माप चुकलं की सगळंच चुकलं.

रामबागवाली:
काकांचं खरंय. मी आमच्याकडे काय झालं ते सांगते, कमोड उचलल्यावर मिस्त्रीने पाइपात बोळाच घातला नाही, सिमेंटचे तुकडे आत पडले, दोन दिवसांनी चेंबर तुंबलं आणि पाणी थेट अंगणात, त्यात घरी श्राद्धाचा स्वयंपाक. तुम्ही समोर उभं राहून जुनं कापड गच्च कोंबायला लावा, एक टोक बाहेर लोंबतं ठेवा म्हणजे काढायचं विसरणार नाही. गटारातल्या गॅसचा वासही थांबतो. फोडायचा तर आधी पोतं पांघरून मगच हातोडा, डोळ्याला चष्मा हवाच. आणि आधी कॉक बंद करून आतलं पाणी मगाने उपसून घ्या, फिनाइल ओता.

नर्मदाकाठ:
टाकी डबल बटणवाली घ्या, ३ आणि ६ लिटरची. जुन्या टाक्या एका फ्लशला १०-१२ लिटर ओततात, आणि आपलं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर पंपाने चढून येतं हो. बुडाखाली सिमेंट मात्र ठासू देऊ नका, स्क्रू आणि कडेने सिलिकॉन, म्हणजे पुढे काढताना फुटणार नाही.

लोकमान्यनगरची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच टेप लावली, नऊ इंच भरलं, आणि दुकानदार मला बारा इंचाचाच दाखवत होता! उद्या परत जाते. मिस्त्रीला सांगितलं, पोती गेटच्या आतच राहतील, मलब्याची गाडी येईपर्यंत.