रिपोर्ट वाचताना बाळाचं कोणतं वय धरलंय?

बाळाच्या मेंदूच्या एमआरआय रिपोर्टमध्ये 'डिलेड मायलिनेशन' (मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण वयाच्या मानाने उशिरा तयार होणं) लिहिलं असेल, तर ते आपोआप भरून येतं, नुसतं थांबा, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटलं. मायलिनचं काम पहिली 2 वर्षं जोरात चालू असतं, म्हणून एमआरआय वाचताना बाळाचं नेमकं वय लागतं. आमची लेक 32 व्या आठवड्यात झालेली, पण 14 व्या महिन्यातल्या स्कॅनच्या फॉर्मवर नुसती जन्मतारीख होती. न्यूरोलॉजिस्ट बाईंनी फिल्म खिडकीशी धरली आणि आधी विचारलं, "दिवस पूर्ण भरले होते का?" ती जितकी लवकर झाली ते 2 महिने वयातून वजा करून पुन्हा वाचलं, तेव्हा बरंचसं वयाला धरून निघालं.

तुमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे आवर्जून सांगा. पण फिजिओथेरपी पुढच्या स्कॅनपर्यंत लांबवू नका हो. धरून उभं राहायचे व्यायाम आम्ही त्याच आठवड्यात सुरू केले.