मोतमावलीच्या जत्रेतील मेणाचे दोन पुरुष

ए-३०१ (सचिव): रविवारी आपल्या इमारतीतील अकरा जण वांद्र्याच्या मोतमावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेला गेले होते. तिथल्या प्रकाराबद्दल मला कालपासून चार फोन आले, म्हणून विषय सोसायटीच्या या ग्रुपवरच मांडतो. नवसासाठी मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकणाऱ्या मावशींकडे बी-५०२ मधील धाकट्यांनी मोठ्या आवाजात ‘जोडपे’ मागितले आणि त्यांनी एक पुरुष व एक बाई पुढे ठेवताच, ‘आमच्या घरात बाई नाही, दोन्ही पुरुषच द्या,’ असे म्हणत शेजारी जपमाळ ओढणाऱ्या आपल्या जोडीदाराकडे बोट दाखवले.

ए-४०४: ते दोघे एकत्र राहतात याला माझी हरकत नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या कलम ३७७ बाबतच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर (समलिंगी संबंध गुन्हा नाही) तो प्रश्नच उरलेला नाही. परंतु नऊ दिवस नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) न चुकवणाऱ्या माणसाची देवळाच्या पायथ्याशी अशी फजिती करणे मला पटले नाही.

सी-१०२: काका, तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेत उखाणा घेतल्याशिवाय वहिनींना प्रसादाला हात लावू दिला नव्हता, त्याची आठवण करून देते. रविवारी त्या मावशींनी शांतपणे दुसरा पुरुष काढून दिला आणि ‘आता ही बाई मी कोणाला खपवू?’ असे विचारले, तेव्हा सर्वांत मोठ्याने मीच हसले.

बी-५०२ (थोरले): काकू, आपल्या इमारतीत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथल्या हसण्याचे मला काही वाटत नाही, पण मागे वसईची, आमच्याच धर्मग्रामातील (चर्चच्या पॅरिशमधील) दोन कुटुंबे उभी होती आणि माझ्या आईला अजून मी काहीही सांगितलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना धर्मगुरूंनी आशीर्वाद देण्यास मुभा दिली, मात्र तो उपासनाविधीबाहेर आणि लग्नासारखा न दिसणारा असावा, असेही बजावले. यातला पहिला अर्धा भाग ऐकून हा उठला तो थेट मेणवालीपाशी गेला. शिवाय मी जपमाळेतल्या तिसऱ्या रहस्याच्या (दहा मण्यांच्या तिसऱ्या भागाच्या) सातव्या मण्यावर होतो, तो हिशेब चुकला तो चुकलाच.

बी-५०२ (धाकटे): वसईची मंडळी मला खरोखरच दिसली नाहीत, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आता अडचण अशी आहे की, रिक्षाच्या उकाड्यात मेणाचे ते दोघे पुरुष खांद्याला खांदा चिकटले असून सुरीनेही सुटत नाहीत.

सी-१०२: तुम्ही दोघे एकाच घरात बसून हे ग्रुपवर का लिहीत आहात?

बी-५०२ (थोरले): कारण तो स्वयंपाकघरात आहे आणि मी त्याच्याशी बोलत नाही. सुरी खाली ठेवावी. बुधवारी ते दोघे जसे आहेत तसेच अर्पण करू. फक्त माझ्या जपमाळेचे पाचवे दशक (शेवटचे दहा मणी) पूर्ण होईपर्यंत त्याने पायऱ्यांखाली तोंड मिटून उभे राहावे.