रानला सांगायला कोनानचं काय जात होतं?

चिंचेचा_कोळ

परवा 'डिटेक्टिव्ह कोनान' या जपानी चित्रकथामालिकेवरच्या दुसऱ्या एका धाग्यावर बेइकाकर यांनी फर्मावलं, "कोनान रानपासून ओळख लपवतो ते तिच्या जिवासाठी. एवढंही कळत नसेल तर पुन्हा पहिल्या खंडापासून सुरुवात करा." तेव्हा गप्प बसले. मग रात्री भांडी घासताना तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हा धागा. मी पहिल्या खंडापासूनच वाचलंय हो. दोनदा. दुसऱ्यांदा जास्त चिडले.

सुरुवातीचं मला मान्य आहे. ट्रॉपिकल लँडमध्ये गुन्हेगारी संघटनेतल्या जिननं शाळकरी गुप्तहेर शिनइची कुदोला विष पाजलं, अंग सात वर्षांच्या पोराचं झालं, शेजारचे शास्त्रज्ञ अगासा म्हणाले कुणाला बोलू नकोस, म्हणून हा 'कोनान' झाला. भेदरलेला पोरगा, गप्प बसला. ठीक. पण मग हा राहायला कुठे गेला? बालमैत्रिणीच्या, रानच्याच घरी! ज्या घराला झळ लागू नये म्हणून तोंडाला कुलूप, त्याच घरात धोका दप्तरासकट मुक्कामाला.

आता मोजा कुणाकुणाला माहीत आहे ते. आईवडील, अगासा, संघटनेतून पळालेली हैबारा. ओसाकाच्या हत्तोरीनं होम्सप्रेमींच्या त्या मुक्कामात ओळखलं. रानच्या वर्गातल्या एइसुकेला कळलं. इतकंच काय, शत्रूच्या गोटातल्या व्हर्माउथलाही माहीत. गावजेवण झालं, घरची तेवढी उपाशी.

आणि २५ वा खंड. गुहेत कोनानच्या पोटात गोळी लागते, रुग्णालयात रक्त कमी पडतं आणि रान पुढे होऊन म्हणते, आमचा दोघांचा गट एकच आहे. म्हणजे तिला कळलेलं असतं. ती आकांडतांडव करत नाही, जाब विचारत नाही. तो आपणहून सांगेल म्हणून थांबते. आणि हा काय करतो? हैबाराला कोनानच्या वेषात समोर बसवतो आणि शाळेच्या नाटकात स्वतः शिनइची म्हणून उभा राहतो. जिनं खरं ओळखलंय तिला 'तुझाच काहीतरी घोटाळा झाला' असं पटवून देतो. याला काळजी म्हणायचं?

पहिल्याच खंडात ती या 'चिमुरड्या'ला मोकळेपणानं सांगते की मला शिनइची आवडतो. चोरून पत्र वाचणं आणि हे, फरक काय?

बेइकाकर

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता उत्तर घ्या.

तुमच्या यादीतली माणसं नीट बघा. वडील रहस्यकथाकार, आई नटी, हत्तोरी गुप्तहेर, हैबारा संघटनेतच वाढलेली, ते विष तिनंच बनवलेलं. ही सगळी चेहऱ्यावरची रेघ न हलवता खोटं बोलू शकणारी माणसं. आणि रान? तिचा चेहरा म्हणजे चौकातला फलक. खालच्या मजल्यावर पोआरो कॅफेत आमुरो कॉफी देतोय, आणि तो संघटनेतला बर्बन आहे हे कळायला किती खंड गेले आठवा. शेजारच्या सुशीच्या दुकानात वाकिता, म्हणजे संघटनेतला प्रत्यक्ष रम. या दोघांसमोरून ती रोज जाते-येते. एकदा तिनं चुकून "शिनइची, छत्री घे" म्हटलं की खेळ खलास.

रानसाठी एवढं रान उठवण्याआधी हा विचार करा.

चिंचेचा_कोळ

कोटी छान. मुद्दा फुसका.

चौकातला फलक? खात्री झाल्यावरही जिनं त्याला ताकास तूर लागू दिली नाही, तिला गुपित राखता येत नाही म्हणता? तिच्या मौनाचा अर्थ त्याला लागला तो रुग्णालयात, आणि त्याला जपानचा मोठा गुप्तहेर म्हणतात. आणि "शिनइची, छत्री घे" म्हणायचा धोका हत्तोरीकडून नाही? तो चारचौघांत "कुदो!" म्हणून हाक मारतो आणि मग जीभ चावतो. दर भेटीत. त्याला माफ, कारण मुलगा आहे.

वऱ्हाडी_ठेचा

हत्तोरीचं खरं आहे बाप्पा. त्याच्याइतका कच्चा माणूस पाह्यला नाही. पण ताई, मुलगा-मुलगी काऊन आणून राहिल्या मधात?

चिंचेचा_कोळ

आणणारच. जाणकारांची यादी तुम्हीच पुन्हा वाचा, आणि कोण बाहेर आहे तेही बघा.

बेइकाकर

हैबारा, त्याची आई युकिको, व्हर्माउथ. तिन्ही बायका. तुमचा सिद्धांत दोन मिनिटंही टिकला नाही.

गुंगी

थोडं अवांतर. पण १४ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करतोय आणि हे कुठेतरी बोलायचंच होतं.

तुम्ही सगळे रानसाठी भांडताय. तिच्या बाबांचं, गुप्तहेर कोगोरोचं काय? त्या माणसाला काहीच सांगितलेलं नाही, आणि वर कोनान त्याच्या मानेत घड्याळातून गुंगीची सुई मारतो. किती वेळा, मोजदाद नाही. स्नायूत टोचलेलं केटामाइनसुद्धा चढायला तीन-चार मिनिटं घेतं, हा टोचल्याबरोबर गिरकी घेऊन खुर्चीत. तेही सोडा, गोष्ट आहे. पण डोस? आम्ही वजन विचारतो, शेवटचं कधी खाल्लंत विचारतो, घोरता का विचारतो, पिता का विचारतो. कोगोरो दिवसाढवळ्या बियर रिचवतो, सिगारेट वेगळीच. दारूवर गुंगीचं औषध पडलं की श्वास मंदावतो. त्यात मान छातीवर पडलेली, म्हणजे जीभ मागे जाणार, श्वासाची वाट बंद होणार. असा रुग्ण दिसला की आमचं पहिलं काम त्याची हनुवटी वर उचलणं. हा पठ्ठ्या खुर्चीमागे लपून बो-टायमधून कोगोरोच्या आवाजात भाषण ठोकतो आणि खुनी कबूल होईपर्यंत हलत नाही. त्याच घड्याळानं रानची मैत्रीण सोनोकोलाही झोपवतो. तिचं वजन किती, कोगोरोचं किती? डोस एकच!

एका रहस्यकथेत खून करणारे सगळे पकडले जातात आणि हा एकटा सुटतो.

पाणीपुरी_शुद्ध

डॉक्टर, हसून हसून ठसका लागला. यावर हनुवटीच उचलायची ना?

बेइकाकर

धागा भलतीकडे नेऊ नका. ती विनोदाची सोय आहे, सगळ्यांना कळतं.

आणि कोगोरोचं नुकसान कुठलं? आधी ऑफिसात माश्या मारत होता. 'झोपाळू कोगोरो' म्हणून नाव झालं, कामं आली, पैसा आला.

चिंचेचा_कोळ

माश्या का मारत होता तेही सांगा ना. सगळी नामांकित प्रकरणं शिनइची फुकटात सोडवत होता म्हणून. ज्यानं धंदा बसवला त्यानंच परत उभा करून दिला, तोही मानेत सुया टोचून. उपकार म्हणे.

गुंगी

आणि बेइकाकर, नुकसान विचारता? संघटनेत वावरणाऱ्या मिझुनाशी रेनाचं प्रकरण विसरलात? कोनाननं लावलेलं ऐकायचं यंत्र तिच्या बुटाला चिकटलं, जिनला वाटलं हा कोगोरोचाच उद्योग. समोरच्या छपरावरून थेट कोगोरोच्या डोक्यावर नेम! ऐन वेळी एफबीआयच्या अकाईनं गोळी झाडली म्हणून वाचला. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण मरत होतो. घोड्यांच्या शर्यती ऐकण्यात दंग.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे घरातल्यांले न सांगून घर सुरक्षित राहिलं, हा बेइकाकरांचा मुद्दाच गेला की. उलट जिन दारात येऊन उभा झाला.

बेइकाकर

आणि कोगोरोला माहीत असतं तर काय चिलखत घालून बसला असता?

वऱ्हाडी_ठेचा

निदान खिडकीजवळ तरी नसता बसला!

गुंगी

शिवाय हा माणूस माजी पोलीस आहे. ज्युडोत भलेभले आपटतो. त्याला शुद्धीत ठेवला असता तर घरात एक उपयोगी माणूस असता. पण आपल्याला तो दारुडा विदूषक म्हणूनच हवा. बायकोचा, म्हणजे एरीचा प्रश्न आला की त्याचं डोकं कसं लख्ख चालतं ते बघा, सुई न लागता.

चंद्रकोर_१९९६

कुणी हैबाराबद्दल बोलणार आहे का? २०२३ च्या चित्रपटात तिनं पाण्याखाली कोनानला श्वास दिला आणि नंतर रानचं चुंबन घेऊन 'ते' परत केलं. खरी गोष्ट तिथे आहे. कोनानला जी खऱ्या अर्थानं ओळखते ती…

पाणीपुरी_शुद्ध

नको. मागच्या वेळी याच विषयावर ४०० प्रतिसाद झाले होते.

बेइकाकर

मी आतापर्यंत स्वतःबद्दल लिहिणं टाळलं, पण लिहितो.

माझी बारावीची परीक्षा चालू असताना आईचं ऑपरेशन झालं. मला सांगितलं, मामाकडे गेलीय, आजीला बरं नाही. रोज रात्री बाबा फोन लावून द्यायचे, ती अंथरुणावरून बोलायची, अभ्यास झाला का विचारायची. आवाज बारीक यायचा, मला वाटायचं मामाच्या गावी रेंज नाही. शेवटचा पेपर देऊन घरी आलो तेव्हा बाबांनी सांगितलं. आधी कळलं असतं तर मी नापास झालो असतो. मी त्यांच्यावर कधी रागावलो नाही. काही माणसं आपल्यासाठी खोटं बोलण्याचा त्रास स्वतः सोसतात. ते ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांनी 'पळवाट' म्हणावं खुशाल.

चिंचेचा_कोळ

मी 'पळवाट' हा शब्द वापरलेलाच नाही. आणि आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या बाबांनी कधी सांगितलं? शेवटच्या पेपरच्या दिवशीच. त्यांच्याकडे तारीख होती. कोनानची तारीख कुठेय? १९९४ पासून वाट बघतोय.

बेइकाकर

१९९४ पासून तुम्ही वाट बघताय. रान नाही. कथेत अजून वर्षसुद्धा उलटलेलं नाही. सुरुवातीला सार्वजनिक फोनची डबडी होती, आता सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन, पण पोरं अजून पहिल्याच इयत्तेत. काही महिन्यांचं गुपित आहे ते. तुमचा हिशेब लेखक गोशो आओयामांशी आहे, कोनानशी नाही.

चिंचेचा_कोळ

हे… बरं. हे मान्य. नाखुशीनं.

जुना_बाकडा

मी एरवी फक्त वाचतो.

आमच्या बाबांची नोकरी गेली तेव्हा मी नववीत होतो. आईला माहीत होतं, आम्हा पोरांना नाही. ते सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी त्याच वेळेला यायचे. एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून मी वाचनालयात गेलो, तर बाबा तिथे बसलेले. डबा शेजारच्या खुर्चीवर. मला बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. मीही दुसऱ्या कपाटाकडे बघत बघत बाहेर आलो. नंतर जवळजवळ चार महिने आम्ही दोघं रोज जेवायला शेजारी बसायचो, आणि ते ऑफिसातल्या गमती सांगायचे. सांगताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मी हसायचो.

त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. त्या चार महिन्यांत आमच्यात जे बिनसलं ते त्यांना नवीन नोकरी लागल्यावरही पूर्ण जुळलं नाही. लपवल्याचा राग नव्हता मला. पेपर वर धरल्याचा होता.

म्हणून ते नाटकाचं प्रकरण मी पुन्हा वाचत नाही. बाकीचं सगळं वाचतो.

पाणीपुरी_शुद्ध

यावर काय बोलणार.

वऱ्हाडी_ठेचा

दादा…

बेइकाकर

जुना_बाकडा, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण लंडनचं विसरू नका. बिग बेनच्या पायथ्याशी त्यानं प्रेम कबूल केलं, क्योतोच्या सहलीत तिनं उत्तर दिलं, दोघं आता जोडपं आहेत. म्हणजे तिला ते नातं हवंय, गुपितासकट.

चिंचेचा_कोळ

गुपितासकट कुठून आलं? तिला गुपित असल्याचंच माहीत नाही! अर्ध्या माहितीवर मिळवलेला होकार आहे तो. रान म्हणते, 'शिनइची कुठल्यातरी मोठ्या केसवर बाहेरगावी आहे.' केस कुठली? तिच्याच घरात, खालच्या पलंगावर झोपलेली.

चंद्रकोर_१९९६

खालचा पलंग नाही, कोनान कोगोरोच्या खोलीत गादीवर झोपतो.

चिंचेचा_कोळ

धन्यवाद. मुद्दा समूळ बदलला यानं.

बेइकाकर

एक विचारू? अकाईनं मरण्याचं नाटक केलं तेव्हा त्याची एफबीआयमधली सहकारी जोडी ढसाढसा रडत होती. ती योजना कोनानचीच. तिथे तुम्ही कुणीच धागा काढला नाहीत. उलट शेंदरी प्रकरणात अकाई परतला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होतात, मीही. तोच न्याय रानला का नाही?

चिंचेचा_कोळ

कारण अकाई जोडीच्या घरात सात वर्षांचं पोर बनून, तिचं प्रेम कुणावर आहे ते ऐकत राहिला नाही. पण जोडीवर अन्याय झाला हेही खरं. पुढचा धागा तोच काढते, तुमचं नाव घालूनच.

बेइकाकर

काढा. तोवर एवढं लिहून ठेवतो: २६ व्या खंडाच्या आसपास, नाटकानंतर, त्यानं सांगायला हवं होतं. बाकड्यांचं वाचल्यावर तेवढं मानतो. पहिल्या २५ खंडांबद्दल एक इंचही मागे हटणार नाही.

चिंचेचा_कोळ

पहिल्या २५ बद्दल मी भांडतच नव्हते. मूळ धाग्यातला दुसरा परिच्छेद. 'सुरुवातीचं मला मान्य आहे.' पुन्हा पहिल्या खंडापासून सुरुवात करा.

गुंगी

म्हणजे रानचं मिटलं. कोगोरोच्या संमतीबद्दल मात्र एकानंही सरळ उत्तर दिलेलं नाही. निदान त्याला तरी एकदा विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

विचारलं डॉक्टर. झोपून राह्यलाय.