जेनी लेकभोवती पळायचंय, पण अस्वलांचं काय?

सप्टेंबरात अमेरिकेतल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात चाललोय. पुण्यात रोज तळजाईवर १० कि.मी. पळतो. उद्यानातल्या जेनी लेक तलावाची पूर्ण फेरी जमेल का? बायको म्हणतेय, अस्वलं आहेत, गप चाल.

टेकडीवाला: वहिनींचं ऐका, निदान अर्धं तरी! फेरी साधारण १२ कि.मी. आहे. पूर्वेचा काठ बऱ्यापैकी सपाट, तिथे मी मजेत पळालो. पश्चिमेला दगड, मुळं, त्यात हिडन फॉल्स धबधब्याला बोटीने येणारी गर्दी, म्हणजे चालणंच आलं. तलाव दोन हजार मीटरांहून उंच आहे, पहिल्या दिवशी दोन कि.मी.तच माझा भाता झाला होता.
ग्रिझली आणि काळी, दोन्ही अस्वलं आहेत. पळणारा माणूस आवाज न करता वळणावर एकदम समोर येतो, धोका तोच. इअरफोन खोलीवर ठेवा. मी प्रत्येक वळणाआधी टाळ्या वाजवत ‘आलो रे बाबा, आलो!’ ओरडायचो. एक गोरे आजोबा थांबून हसले, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) कमरेला हवा, सॅकमध्ये नको. विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या. आणि अस्वल दिसलंच तर पळायचं नाही, हळूहळू मागे सरकायचं.

रानभूल: सकाळी लवकर पोहोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. पण अगदी अंधारात निघू नका.

प्रश्नकर्ता: आभार. टाळ्यांचं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मी येते, ओरडायला.